लाल कुठं लिहिलंय?

शेलूबाजारात रस्त्याला लागून माझं छोटं दुकान आहे. पाटीवर ‘डीटीपी, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म’ असं लिहिलेलं आहे. नागपूरहून कारंजा, मालेगाव, मेहकर करत जालन्याकडे जाणारा जुना रस्ता आमच्या गावातून जातो. आता समृद्धी महामार्गावर चढायची-उतरायची जागा जवळ झाल्यामुळे बाहेरचे लोकही गावाचं नाव घेऊ लागलेत. पण दुकानात येणारं गिऱ्हाईक तेच आहे. मंगरुळपीर तालुक्यातला शेतकरी, सातबारा काढायला आलेला. नाहीतर पोरीची लग्नपत्रिका छापायला आलेला बाप.

मी या धंद्यात शिरलो तो लग्नपत्रिकांमुळे. अकोल्याला डीटीपी शिकलो आणि गावात येऊन बसलो. गिऱ्हाईक सांगायचं, “भाऊ, कार्ड असं पाह्यजे का लोकायनं पाह्यतच राह्यलं पाह्यजे.” मग मी अक्षर फुगवायचो, सोनेरी करायचो, चारी बाजूंनी वेल काढायचो. आमच्या मोहल्ल्यातल्या पत्रिका दोन लिप्यांत असत. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. उर्दू मजकूर मी अकोल्याहून तयार करून आणायचो आणि चित्रासारखा चिकटवायचो. पत्रिकेत हे सगळं चालतं. कागद एकदा छापला की तो डोळ्यांसाठीच असतो. मला धंद्याने हेच शिकवलं की पानावर जे दिसतं तेच लिहिलेलं असतं.

२०१६ साली तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेने मला त्यांचं इंटरनेटवरचं पान करायला सांगितलं. ते दरवर्षी गरजू मुलांना वजीफा द्यायचे, वर्षाला १२,००० रुपये. मी थोडंफार एचटीएमएल शिकलो होतो. पत्रिका करतो तसंच पान केलं. वर मोठ्या, जाड, निळ्या अक्षरात मथळा आणि खाली ४१ मुलांची यादी. त्यातल्या नऊ मुलांचा उत्पन्नाचा दाखला आलेला नव्हता. त्यांची नावं मी लाल केली. यादीच्या खाली सुंदर चौकटीत एक सूचना टाकली की लाल रंगातल्या विद्यार्थ्यांनी अमुक तारखेच्या आत दाखला जमा करावा, नाहीतर नाव रद्द होईल. चौकट छान दिसावी म्हणून ती सूचना मी चित्र करून टाकली होती. संस्थेचे लोक खूश झाले. मीही खूश होतो.

त्या यादीत सतरावं नाव माझ्या खालाच्या मुलाचं होतं. लाल.

तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. लहानपणी त्याला रात्री दिसेनासं झालं, मग हळूहळू दिवसाही. डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा आजार होता, त्याला औषध नव्हतं. बारावी त्याने लेखनिक घेऊन पास केली आणि अकोल्याला कॉलेजात नाव घातलं. तिथे एका मित्राने त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये एनव्हीडीए नावाचा प्रोग्रॅम घालून दिला. पडद्यावरचा मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवतो. मायकल करन आणि जेम्स टे या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी तो केला आहे. २००६ साली सुरुवात झाली आणि आजही तो फुकट मिळतो.

वजीफ्याची यादी लागली तेव्हा माझ्या खालेऱ्या भावाने ती स्वतः उघडली, स्वतः ऐकली. कुणाला न विचारता त्याने वाचलेला तो पहिला सरकारी-निमसरकारी कागद असावा. सतराव्या क्रमांकावर आपलं नाव ऐकून त्याने घरी फोन केला. खालाने शिरा केला आणि आमच्या घरीही पाठवला. मी तो खाल्लाही. ४१ नावं टाइप करताना मी कुणाचं नाव कुठल्या रंगात गेलं हे बघितलं नव्हतं. संस्थेने दिलेल्या कागदावर जिथे टिक होती तिथे मी लाल करत गेलो होतो.

तारीख गेली आणि त्याचं नाव रद्द झालं.

खाला दुकानात आली. रागावली होती, पण माझ्यावर नाही. “बेटा, इतक्या मोठ्या लाल अक्षरात लिहिलं होतं म्हणे. या पोराने पाहिलंच नाही.” ‘पाहिलं’ हा शब्द तोंडातून गेल्यावर ती स्वतःच गप्प झाली. मीही गप्प राहिलो. संस्थेत विचारलं तर यादी बंद झाली होती. आणि मनातून मी स्वतःला सांगत होतो की माझं काम तर बरोबर होतं, मी लाल केलं होतं, खाली सूचनाही दिली होती.

दोन दिवसांनी तो स्वतः आला. धाकट्या बहिणीचा हात धरून. स्टुलावर बसला आणि म्हणाला, “भाईजान, ते पान उघडा. मला दाखवा, लाल कुठं लिहिलंय?”

मी पडद्यावर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

त्याने आपला लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. “आता डोळे मिटून ऐका.” मी डोळे मिटले. आवाज हिंदी वळणाचा होता, मराठी शब्द ओढूनताणून म्हणत होता. माझा मोठा निळा मथळा आला आणि गेला, बाकीच्या वाक्यांसारखाच, सपाट. मग नावं सुरू झाली. सोळा, सतरा, अठरा. सतराव्या नावाला आवाज ना चढला ना पडला. यादी संपल्यावर तो म्हणाला, ‘ग्राफिक’, आणि पुढे इंग्रजीत काही आकडे, कॅमेऱ्यातल्या फोटोच्या नावासारखे. ती माझी चौकट होती, आणि तिच्यातलं एकही अक्षर त्याच्या कानांपर्यंत गेलं नव्हतं.

“आता कळलं?” तो म्हणाला. “तुम्ही ते रंगवलं. लिहिलं नाही.”

त्या संध्याकाळी त्याने मला जे शिकवलं ते माझ्या वीस वर्षांच्या धंद्यात कुणी शिकवलं नव्हतं. एचटीएमएलमध्ये मजकुराभोवती ज्या खुणा घालतात, त्यांचं मूळ काम मजकूर कसा दिसावा हे सांगण्याचं नाही. हा मथळा आहे, हा परिच्छेद आहे, ही यादी आहे, हा तक्ता आहे, असं सांगायचं काम त्यांचं. मी मथळ्याला ‘मथळा’ म्हटलंच नव्हतं. साधा मजकूर घेऊन त्याला मोठं, जाड, निळं केलं होतं. डोळ्यांनी पाहणारा म्हणतो, हा मथळा. पण वाचून दाखवणाऱ्या यंत्राला तो इतरांसारखाच मजकूर. मथळ्याला मथळ्याची खूण असती, तर त्याने कळफलकावरचं ‘एच’ दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारली असती, जशी आपली नजर पानावरून मारते. तक्ता खरा तक्ता असता आणि त्यात ‘शेरा’ नावाचा रकाना असता, तर सतराव्या ओळीत यंत्राने म्हटलं असतं: शेरा, उत्पन्नाचा दाखला बाकी.

मी त्याला म्हटलं, “मग रंग वापरायचाच नाही का?”

तो म्हणाला, “वापरा की. पण आधी शब्द लिहा, मग रंगवा.” आणि मग त्याने जे उदाहरण दिलं ते मी विसरणार नाही. लहानपणी तो मौलवीसाहेबांकडे कुरआन शिकायला जायचा. दिसत नव्हतं म्हणून ऐकून ऐकून पाठ करायचा. आपल्याकडच्या छापील कुरआनात ओळींच्या वर बारीक अक्षरं असतात हे वाचकांपैकी अनेकांना माहीत आहे. लहानसा मीम असेल तिथे थांबणं जरुरी. लाम-अलिफ असेल तिथे थांबायचं नाही. बाराव्या शतकातल्या सजावंदी या विद्वानाने ही पद्धत बसवली. “मला तो मीम कधी दिसला नाही, भाईजान. पण मौलवीसाहेब तिथे थांबायचे, म्हणून मीही थांबतो. त्या खुणेत ‘थांब’ असं लिहिलं आहे. कातिबाने मीम लाल शाईत काढला की काळ्या, नस्खमध्ये लिहिलं की नस्तालीकमध्ये, थांबायची जागा बदलत नाही.”

पुढे मी या गोष्टीच्या मागे लागलो. हा विचार वेबच्या आधीचा निघाला. १९६९ साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे वकिलांच्या कचेरीतल्या कागदपत्रांवर काम करत होते. तोच दस्तऐवज साठवायचा, शोधायचा आणि छापायचाही होता. तो कसा छापायचा हे त्याच्या पोटातच लिहून ठेवलं, तर दुसऱ्या कामाला तो निरुपयोगी होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी मजकुराचा प्रत्येक भाग काय आहे हे सांगणाऱ्या खुणा बसवल्या. त्या पद्धतीचं नाव जीएमएल. ही तिघांच्या आडनावांची आद्याक्षरंही आहेत. त्यातून एसजीएमएल आलं, १९८६ साली ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं, आणि त्याच घरातून टिम बर्नर्स-ली यांनी वेबसाठी एचटीएमएल घेतलं.

पण लोकांना माझ्या गिऱ्हाइकांसारखंच हवं होतं. लोकायनं पाह्यतच राह्यलं पाह्यजे. मग ब्राउझर करणाऱ्या कंपन्यांनी अक्षर मोठं करायच्या, मध्ये घ्यायच्या, रंगवायच्या खुणा एचटीएमएलमध्येच घुसवल्या. दिसणं आणि असणं यांची खिचडी झाली. ती सोडवायला नॉर्वेच्या होकॉन व्हिउम ली यांनी १९९४ च्या ऑक्टोबरात एक प्रस्ताव मांडला. मजकूर आणि त्याचा अर्थ एका जागी ठेवायचा, सजावट वेगळ्या कागदावर. त्याचं सीएसएस झालं, आणि १९९६ च्या डिसेंबरात पहिलं प्रमाण आलं. अपंगांना वेब वापरता यावं म्हणून मे १९९९ मध्ये जी पहिली नियमावली प्रसिद्ध झाली, तिच्यातली दुसरीच सूचना अशी होती की फक्त रंगावर विसंबू नका. मी माझं पान केलं त्याच्या सतरा वर्षं आधी. आणि आपल्या देशात दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा संसदेने केला तो २०१६ च्या डिसेंबरात, म्हणजे माझं पान निघालं त्याच वर्षी. त्याच्या ४२ व्या कलमात माहिती सर्वांना मिळेल अशा स्वरूपात असण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

आपण मराठी लिहिणाऱ्यांनी तर ही चूक फार मोठ्या प्रमाणावर केली आहे. युनिकोड रुळण्याआधी आपण जे मराठी टाइप करायचो, ते मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांना मराठीचा मुखवटा घातलेला होता. कृतीदेव नावाच्या प्रसिद्ध फॉन्टमध्ये ‘कमल’ लिहा. संगणकाच्या पोटात ‘डी, ई, वाय’ अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट काढून घेतला की कमल गेलं. माझ्या भावाचं यंत्र अशी फाइल उघडली की इंग्रजीत बरळायला लागतं. आजही अनेक कचेऱ्यांतल्या, छापखान्यांतल्या जुन्या फायली याच मुखवट्यात पडून आहेत. शोधायला जा, सापडत नाहीत.

पहिल्या वेलांटीची गोष्ट तर मला फारच आवडते. ‘कि’ लिहिताना वेलांटी कच्या आधी दिसते, म्हणून जुने फॉन्ट ती आधी टाइप करायला लावायचे. जसं दिसतं तसं. युनिकोडमध्ये क आधी साठवला जातो, वेलांटी नंतर, कारण आपण बोलतो ते ‘क्’ आणि मग ‘इ’. वेलांटी डावीकडे नेऊन ठेवायचं काम फॉन्टचं. उर्दूतही तसंच. ‘बे’ शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळा दिसतो, पण साठवताना तो एकच ‘बे’ असतो. आणि मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि शेंडीचा ‘श’ हिंदीतल्यापेक्षा वेगळे काढतात, पण युनिकोडमध्ये दोन्ही भाषांना अक्षर एकच आहे. पानाच्या माथ्यावर भाषा मराठी आहे एवढं सांगितलं, तर तशी सोय असलेला फॉन्ट आपला ‘ल’ दाखवतो, आणि वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही कळतं की हिंदीचा आवाज बाजूला ठेवून मराठीचा घ्यायचा. मी माझ्या पानावर भाषा सांगितलीच नव्हती, कारण डोळ्यांना ती दिसतच होती.

ज्यांना हे सगळं किचकट वाटेल त्यांनी सातबारा आठवावा. पूर्वी तलाठ्याच्या हस्ताक्षरात यायचा, वाचता वाचता डोळे दुखायचे. आता माझ्याच दुकानात छापून निघतो. हस्ताक्षर गेलं, कागद बदलला, पण शेत कुणाच्या नावावर आहे ते बदललं नाही. कारण गट क्रमांकाला, भोगवटादाराला, पिकाला आपापली नेमून दिलेली जागा आहे आणि त्या जागेचं नाव लिहिलेलं आहे. तलाठ्याने नुसतं एखादं नाव हिरव्या शाईत काढून ‘हा मालक’ असं समजून घ्या म्हटलं असतं, तर कुणी मान्य केलं असतं का?

हिरव्या शाईवरून आणखी एक गोष्ट. माझ्या यादीत फसलेला तो एकटाच नव्हता. त्याच आठवड्यात दोन मुलांचे वडील आले. त्यांनी यादी पाहिली होती, दोन्ही डोळ्यांनी, पण शाळेच्या फळ्यावर लावलेल्या झेरॉक्समध्ये. झेरॉक्स काळी-पांढरी. लाल नावंही काळीच. तीही झेरॉक्स माझ्याच मशीनवर निघाली होती. तोवर मी मनातल्या मनात म्हणत होतो की ही अंधांची वेगळी अडचण आहे. त्या बापाच्या हातातला कागद पाहिल्यावर ते म्हणायची सोय राहिली नाही. ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही तो, ज्याच्या फोनवर चित्र उघडत नाही तो, उन्हात उभा राहून पडदा पाहणारा, सगळे त्या रांगेत होते. माझा भाऊ फक्त रांगेत पहिला होता.

मी खालाकडे गेलो. अम्मी बरोबर होती. म्हटलं, “खाला, त्याची चूक नाही. त्याने सगळं नीट वाचलं. मी लिहिलंच नव्हतं.” तिला एचटीएमएल समजावण्यात अर्थ नव्हता. ती थोडा वेळ चूल पाहत राहिली, मग म्हणाली, “मला काय सांगतोस? मी त्याला चार दिवस बोलत होते, ते तू त्याला सांग.” त्या वर्षीच्या खोलीच्या भाड्यासाठी तिने एक बकरी विकली. निम्मे पैसे मी दिले. बारा हजारांची भरपाई त्याने होत नाही, आणि चार दिवसांच्या बोलण्याची तर मुळीच नाही.

पान मी त्याच्यासमोर बसून पुन्हा केलं. मथळ्याला मथळ्याची खूण, यादीला तक्ता, तक्त्याला शेऱ्याचा रकाना. सूचना साध्या अक्षरांत, यादीच्या वर. संस्थेच्या चिन्हाखाली ते चिन्ह कशाचं आहे हे सांगणारे चार शब्द. भाषा मराठी. मग सगळी सजावट वेगळ्या फाइलीत. लालही ठेवलं, पण आता ते शब्दांवर चढवलेलं होतं. पुढच्या वर्षी संस्थेला निळ्याऐवजी हिरवा हवा होता. एका फाइलीत एक ओळ बदलली, सगळी पानं हिरवी झाली. पूर्वी याला माझा अख्खा दिवस गेला असता.

एक शंका मात्र मी त्याला तेव्हाच विचारली होती. गझलेचं काय? शेराच्या दोन ओळी वेगळ्या लिहितात. ते दिसणं आहे की अर्थ? तो हसला आणि म्हणाला, “दोन्ही ओळी जोडून टाका आणि मोठ्याने वाचा. काही हरवलं का?” हरवतं. म्हणजे ती ओळ तोडणं हा अर्थ आहे, आणि तो खुणेनेच सांगायला हवा. आता मी प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न विचारतो. हा रंग, हा आकार, ही जागा काढून घेतली तर वाचणाऱ्याचं काही हरवेल का? हरवणार असेल तर ते शब्दात लिहायचं. नसेल तर मनसोक्त सजवायचं.

तुमच्यापैकी बहुतेकांना एचटीएमएल कधी लिहावं लागणार नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आपण सगळेच लिहितो. आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर कुणाचा इंतेकाल झाला की काळ्या चौकटीचं चित्र यायचं. नाव, वेळ, कब्रस्तान, सगळं चित्रात. माझा भाऊ आता शिकून नोकरीला लागला आहे, सुट्टीत घरी येतो. एका संध्याकाळी त्याचा फोन सांगत होता, ‘फोटो’. त्याने तो तसाच खिशात ठेवला. तो जनाजा त्याच मौलवीसाहेबांचा होता, ज्यांनी त्याला मीमवर थांबायला शिकवलं. शेजारच्याने दार वाजवलं म्हणून त्याला मिट्टी द्यायला मिळाली.

त्या चौकटी मीच बनवून देतो. अजूनही देतो, लोकांना हव्या असतात. पण आता चित्राच्या खाली तेच चार ओळींत टाइप करून पाठवतो. नाव, कुणाचे कोण, नमाजची वेळ, जागा. कुणी कुणी विचारतं, “भाऊ, हे दोनदा काऊन टाकता?”

मी म्हणतो, वरचं पाहण्यासाठी आहे. खालचं लिहिलेलं आहे.